चौथा उद्गार

ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा तिसरा आठवडा चालू होता. संध्याकाळी मंडळीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "बाई, यंदा चौथा तुमच्याकडे हं." मी हो म्हणायच्या आत त्यांनी ठेवूनही दिला. नाही म्हटलं असतं तर त्यांना आणखी चार फोन करावे लागले असते, म्हणून घाई.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन उपासना असते. येशूची गोष्ट सांगणारी चारही शुभवर्तमानं मिळून येशू वधस्तंभावरून सात वाक्यं बोलला, आणि त्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. प्रत्येकाला बारा मिनिटं. मधे गीतं, प्रार्थना आणि बाहेर नगरचं ऊन. पहिला उद्गार क्षमेचा, त्यावर कोणीही बोलतं. दुसरा चोराचा, त्याला गोष्ट आहे. तिसरा आईचा, तो वर्षानुवर्षं महिला मंडळाकडे जातो आणि निम्म्या बाकांवर डोळ्यांना पदर लागतात. पाचवा, 'मला तहान लागली आहे', तरुण संघाला देतात, कारण सगळ्यात छोटा आहे. चौथा उरतो. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?"

तो कोणालाच नको असतो. चाळीसेक वर्षं मी हे उद्गार ऐकत आले. चौथ्यावर बोलणारा बारापैकी अकरा मिनिटं एकच काम करतो: या वाक्याचा अर्थ ते म्हणतंय तो नाही, हे पटवून देणं. त्याचे दोन ठरलेले रस्ते आहेत. पहिला, जगाचं पाप त्याच्यावर होतं म्हणून देवानं क्षणभर तोंड फिरवलं. दुसरा, हे जुन्या करारातल्या बावीसाव्या स्तोत्राचं पहिलं वचन आहे, ते स्तोत्र शेवटी स्तुतीत संपतं, तेव्हा येशूच्या मनात शेवटच होता. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मला दुसरा रस्ता आवडायचा. आपल्याकडे अभंगाची पहिली ओळ म्हटली की पुढचं ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप चालू होतं, तसंच हे, असं छान सांगता आलं असतं. मी वहीत तसं लिहूनही ठेवलं होतं.

मग एका सकाळी दोन पवित्रशास्त्रं शेजारी उघडून बसले. एकात स्तोत्र २२, दुसऱ्यात मार्काच्या शुभवर्तमानाचा अध्याय १५. हातात पेन्सिल.

लहानपणी संडे स्कूलला आम्हाला एक तक्ता पाठ करावा लागे. डाव्या बाजूला जुना करार, उजवीकडे नवा. शाळेतल्या 'जोड्या लावा'सारखा. वस्त्रं वाटून घेणं, चिठ्ठ्या टाकणं, आंब पाजणं, तीस रुपये, न मोडलेली हाडं. मला पैकीच्या पैकी मिळत. त्या तक्त्यामुळे डोक्यात असं बसलं होतं की ज्याच्या नावावर ही स्तोत्रं आहेत त्या दाविदानं शेकडो वर्षं आधी प्रश्नपत्रिका काढून ठेवली आणि येशूनं ती क्रमानं सोडवली.

क्रमानं? पेन्सिलीनं बाण काढले तेव्हा ते एकमेकांना छेदत गेले. मार्कात आधी शिपाई कपडे वाटून घेतात, चिठ्ठ्या टाकतात (१५:२४). ते स्तोत्रातलं अठरावं वचन. मग जाणारे-येणारे डोकी डोलवत टिंगल करतात (१५:२९). ते सातवं. मग तो मोठ्यानं ओरडतो (१५:३४). ते पहिलं. अठरा, सात, एक. मार्क स्तोत्र उलटं वाचतोय.

हे मला साठी उलटल्यावर कळलं याची लाज वाटली. अभ्यासकांनी ते कधीच टिपून ठेवलंय, हे नंतर वाचनात आलं. पण बाण स्वतःच्या हातानं काढले तेव्हा जे झालं ते निराळंच. स्तोत्र एका खड्ड्यातून चढत वर येतं. पहिल्या वचनात टाकून दिलेला माणूस बावीसाव्या वचनात मंडळीसमोर उभा राहून स्तुती करतो. मार्क त्याच जिन्यानं खाली उतरतो आणि तळाच्या पायरीवर थांबतो. त्यानंतर एक आरोळी, शब्द नसलेली, आणि प्राण जातो. जो माणूस पायरी-पायरीनं खाली नेतोय, त्याला गच्ची दाखवायची होती असं मी कोणत्या तोंडानं सांगणार? पुनरुत्थान म्हणजेच बावीसावं वचन, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. ते रविवारी. मला बोलायचं होतं शुक्रवारी.

वहीतलं पान फाडलं.

त्याच आठवड्यात माझ्या एका जुन्या मैत्रिणीला फोन लावला. पुण्यात काही वर्षं आम्ही एका शाळेत होतो. ती बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, अलिबागकडची, पुण्याच्या लाल देवळात, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये, तिचं लग्न झालं तेव्हा मी गेले होते. आता पंचवीसेक वर्षं इस्राएलमध्ये लोदला आहे. मराठी जशीच्या तशी, फक्त मधेमधे हिब्रू शब्द येतात आणि तिला ते कळतही नाहीत. ती पेसाह सणाच्या साफसफाईत होती. आमच्या बायबलात पेसाहला 'वल्हांडण' म्हणतात याचं तिला दर वर्षी नव्यानं हसू येतं.

मी म्हटलं, "तुझं तेहिलीम काढ. बावीसावं स्तोत्र वाचून दाखव."

तिनं वाचलं. एली, एली, लामा अझावतानी.

"थांब," मी म्हटलं, "आमच्याकडे 'सबख्थनी' आहे."

"ते हिब्रू नाहीच. आरामी असेल. अझावतानीच असतं."

म्हणजे मार्कानं स्तोत्र पोथीच्या भाषेत दिलं नाही, येशूच्या घरच्या भाषेत दिलं: एलोई, एलोई, लमा सबख्थनी. मग लगेच ग्रीक वाचकांसाठी अर्थ सांगितला. अख्ख्या शुभवर्तमानात मार्क असे मोजकेच शब्द मूळ आवाजात ठेवतो. मेलेल्या मुलीला उठवताना 'तलिथा कूम', बहिऱ्याचे कान उघडताना 'एप्फाथा', बागेत प्रार्थना करताना 'अब्बा'. आणि हे. जवळ उभ्या असलेल्यांना ते नीट ऐकूही जात नाही, त्यांना वाटतं हा एलियाला हाक मारतोय. सगळं स्तोत्र त्यांच्या मनात आपोआप चालू होण्याची गोष्ट तर सोडाच.

मैत्रीण म्हणाली, "पण अगं, हे तर एस्तेरचं. आमच्याकडे पुरीमला म्हणतात."

हे मला माहीत नव्हतं. तिच्या आजीच्या बोलीत पुरीम म्हणजे 'होळीचा सण', कारण तो त्याच सुमाराला येतो. ज्यूंच्या तालमुद या ग्रंथात अशी कथा आहे: राणी एस्तेर न बोलावता राजाकडे निघाली, मूर्तींच्या दालनापर्यंत आली, आणि तिथं देवाचं सान्निध्य तिला सोडून गेलं. तेव्हा ती म्हणाली, एली, एली, लामा अझावतानी. हेच वाक्य, एका बाईच्या तोंडी, जीव मुठीत धरून चाललेल्या. माझ्या संडे स्कूलच्या तक्त्यात डाव्या बाजूच्या प्रत्येक वचनाला उजवीकडे एकच घर होतं. इथं त्याच वचनाला दुसऱ्या घरात आदरानं नांदताना पाहिलं आणि वाईट नाही वाटलं. उलट वाटलं, हे स्तोत्र कोणाची भविष्यवाणी म्हणून लिहिलंच नव्हतं. ते टाकलेल्या माणसाचं गाणं होतं. ज्याला गरज पडली त्यानं घेतलं.

मग मी तिला सोळावं वचन विचारलं, तिच्या पुस्तकात ते सतरावं, कारण स्तोत्राचं शीर्षक तिकडे पहिल्या वचनात मोजतात. आमच्याकडे आहे: त्यांनी माझे हातपाय विंधले. तिनं वाचलं, 'काअरी यादाय व्रगलाय'. "सिंहासारखे माझे हात, माझे पाय. पुढे काही जमत नाही बघ. वाक्य तुटतं." तुटतंच. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथं 'खणले' असं आहे. मृत समुद्राजवळच्या नाहाल हेवेरच्या गुहेत जो तुकडा सापडला त्यात त्या शब्दाचं शेवटचं अक्षर योद नाही, वाव आहे. दोन्ही अक्षरं म्हणजे एक उभी रेघ, वावची जरा लांब. आपल्या ऱ्हस्व-दीर्घाइतकाच फरक, आणि त्यावर दोन धर्मांनी शतकानुशतकं वाद घातलाय. मी वर्गात वेलांटीवरून गुण कापायचे ते उगाच नव्हतं म्हणायचं.

पण मला नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. हातपाय विंधल्याचं हे वचन चारांपैकी एकही शुभवर्तमानकार देत नाही. तक्त्यात ते सगळ्यात वर, ठळक अक्षरात होतं. मार्क तर खिळ्यांचं नावही काढत नाही; 'त्याला वधस्तंभावर खिळलं' असं आपण मराठीत वाचतो, पण त्यातला खिळा आपल्या भाषांतराचा. खिळ्यांचे वण येतात ते योहानात, थोमाच्या तोंडी. हे वचन वधस्तंभाशी जोडून वाद घालणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन दुसऱ्या शतकाच्या मध्यावर लिहीत होता. खिळे नव्हते असं मी म्हणत नाही. १९६८मध्ये यरुशलेमेजवळ एका कबरीत टाचेचं हाड मिळालं, त्यात लोखंडी खिळा अजून रुतलेला. मी एवढंच म्हणते की पहिल्यांदा लिहिणारा माणूस, म्हणजे मार्क, जोड्या लावायला बसला नव्हता. तसं असतं तर त्यानं हातची जोडी सोडली असती का?

मग तो काय करत होता?

मार्काच्या आठव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. ख्रिस्त म्हणजे मशीहा, अभिषिक्त. त्या काळच्या यहुदी लोकांच्या मनात या शब्दाबरोबर जे येई त्याचा एक मासला येशूच्या आधी काही दशकं रचलेल्या शलमोनाच्या नावावरच्या स्तोत्रांत मिळतो: दाविदाच्या वंशातला राजा येईल, यरुशलेम परकीयांपासून स्वच्छ करील. येशू लगेच म्हणतो की मनुष्याच्या पुत्रानं पुष्कळ दुःखं सोसावी, मारलं जावं, याचं 'अगत्य' आहे. (हा शब्द आमच्या बायबलात अडकून राहिलाय. बाहेर अगत्य म्हणजे पाहुण्याला आग्रहानं वाढणं. इथं जुना अर्थ, टळणारच नाही असं. वर्गात मी हे उदाहरण द्यायचे आणि मुलं हसायची.) पेत्र त्याला बाजूला घेऊन रागावतो. पेत्राला मी दोष देत नाही. मशीहा आणि फाशी हे दोन शब्द एका वाक्यात बसतच नव्हते. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात तर सरळ लिहिलंय की झाडावर टांगलेला देवाचा शापित.

आणि तरी तो टांगला गेला. त्याच्या लोकांपुढे दोनच वाटा होत्या. हा मशीहा नव्हता म्हणून घरी जायचं, नाहीतर पोथी पुन्हा उघडायची. त्यांनी उघडली. प्रेषित पौल इ.स. ५५च्या आसपास करिंथच्या मंडळीला लिहितो की ख्रिस्त आपल्या पापांसाठी 'शास्त्राप्रमाणे' मेला, आणि हे मला आधीच्या लोकांकडून मिळालंय. म्हणजे सूत्र त्याच्याही आधीचं. पण कोणतं शास्त्र, कुठलं वचन? पौल सांगत नाही. मार्कातला येशूही नुसतं म्हणतो, जसं त्याच्याविषयी लिहिलंय तसा तो जातो. लूक तर शेवटच्या अध्यायात अम्माऊसच्या रस्त्यावर येशूला मोशेपासून सगळ्या संदेष्ट्यांपर्यंत उलगडून सांगायला लावतो आणि आपल्याला एकही वचन देत नाही. त्या रस्त्यावर कान लावून चालावं असं मला फार वाटतं.

कोणीही म्हणेल, यशया त्रेपन्न, म्हणजे यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा त्रेपन्नावा अध्याय. आमच्याकडे उत्तम शुक्रवारी तो अध्याय वाचल्याशिवाय दिवस सरत नाही. तुच्छ मानलेला, लोकांनी टाकलेला, कोकरासारखा गप्प राहिलेला परमेश्वराचा सेवक, ज्यानं पुष्कळांचं पाप वाहिलं. मीही मानून चालले होते की मार्काच्या वधस्तंभामागे तोच उभा आहे. शोधायला गेले तर सावल्या सापडल्या. पिलातासमोर तो गप्प राहतो. तोंडावर थुंकतात, थपडा मारतात, ते यशयाच्या पन्नासाव्या अध्यायातलं. 'पुष्कळांसाठी' हा शब्द दोनदा येतो. पण दुःखाच्या कथेत मार्क या अध्यायातलं एक अख्खं वाक्य उचलत नाही. एक दिसतं: तो अपराध्यांत गणला गेला (१५:२८). ते जुन्यात जुन्या हस्तलिखितांत नाहीच. लूकमध्ये आहे, तिथून ते नंतरच्या कोणा नकलनवीसानं इथं आणून बसवलं. मला तो नकलनवीस डोळ्यांसमोर दिसतो. दोन चोर दोन बाजूंना, आणि यशया नाही? काहीतरी राहिलंय. त्यानं मार्काची जोडी लावून दिली.

यशयाबद्दल सगळ्यात प्रामाणिक प्रश्न नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात एका परक्या माणसानं विचारलाय. हबशी राणीचा खजिनदार रथात बसून हाच अध्याय वाचतोय आणि फिलिप्पाला विचारतो, संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी? फिलिप्पाचं उत्तर ठाऊक आहे. पण प्रश्न बावळट नव्हता. चार अध्याय मागे, एकोणपन्नासात, तो सेवक म्हणजे इस्राएल असं नाव घेऊन सांगितलंय, आणि माझी मैत्रीण आजही तसंच वाचते.

माझी धाकटी जाऊ वसईची, कॅथलिक. तिच्या बायबलात आमच्यापेक्षा काही पुस्तकं जास्त आहेत आणि ती ते मला अधूनमधून ऐकवते. यंदा मीच तिच्याकडून शलमोनाच्या नावाचं ज्ञानाचं पुस्तक मागून घेतलं. दुसऱ्या अध्यायात दुष्ट लोक बेत करतात: हा नीतिमान आपल्याला अडचणीचा आहे, स्वतःला देवाचा मुलगा म्हणवतो. खरंच देवाचा मुलगा असेल तर देव सोडवील. चला, त्याला लाजिरवाणं मरण देऊ. मी वाचून पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं. मत्तयात वधस्तंभाखालचे याजक जवळजवळ हेच बोलतात. त्यात मशीहाचा पत्ता नाही. आहे तो छळला गेलेला एक भला माणूस. आणि मरणाच्या कथेत मार्कानं ज्यांच्या ओळी उचलल्या तीही बहुतेक अशीच गाणी: बावीसावं, एकोणसत्तरावं, बागेतल्या 'माझा जीव अति खिन्न झाला आहे' या वाक्यामागचं बेचाळिसावं, ज्याच्याबरोबर जेवलो त्यानंच लाथ उगारली म्हणणारं एकेचाळिसावं. राजाची गाणी बाजूला ठेवून त्यानं रडणाऱ्यांची घेतली. पहिल्या लोकांना मशीहाच्या मरणाचं स्पष्टीकरण मिळण्याआधी त्याच्यासाठी शब्द मिळाले, असं मला वाटतं. उत्तर नंतर आलं. मार्कात अजून शब्दच आहेत.

पुढच्यांनी जोड्या पक्क्या केल्या. मत्तयानं टिंगलीत स्तोत्राचं आठवं वचन भरलं, द्राक्षारसात पित्त मिसळलं, येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या तीस रुपयांना जखऱ्या संदेष्ट्याचं वचन लावलं आणि नाव मात्र यिर्मयाचं घातलं. माझ्या विद्यार्थ्यानं केलं असतं तर लाल गोल आला असता. हिब्रू कवितेत एकच गोष्ट दोन ओळींत दोनदा सांगायची रीत आहे. जखऱ्या म्हणतो, राजा गाढवावर बसून येतो, शिंगरावर, गाढवीच्या पिलावर. जनावर एकच. मत्तय दोन आणवतो, आणि येशू 'त्यांच्यावर' बसतो. योहान तीच गंमत स्तोत्रातल्या वस्त्रांबाबत करतो, पण फार देखणी. वस्त्रं वाटली, पेहरावावर चिठ्ठ्या टाकल्या, या दोन ओळींतून त्याला दोन प्रसंग दिसतात: कपड्यांचे चार वाटे चार शिपायांना, आणि वरून खालपर्यंत सलग विणलेला बिनशिवणीचा अंगरखा, तो फाडवत नाही म्हणून चिठ्ठ्या. लूकनं तर चौथा उद्गारच काढून टाकला. त्याचा येशू एकतीसाव्या स्तोत्रातलं म्हणतो, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो. म्हणजे या वाक्याला बगल देणारे आमचे वक्ते काही पहिले नव्हेत. लूकनं ते आधी केलं, आणि चांगल्या भाषेत केलं.

इथं तो प्रश्न येतोच. मग हे घडलं, की स्तोत्रातून घडवलं? नव्वदच्या दशकात यावर दोन मोठ्या अभ्यासकांची जुंपली होती. रेमंड ब्राउन हे कॅथलिक धर्मगुरू. त्यांचं म्हणणं, गाभा आठवणीचा आहे, वचनांनी त्याला रंग दिला. जॉन डॉमिनिक क्रॉसन यांचं म्हणणं, बहुतेक तपशील वचनांतूनच निघाले, इतिहास म्हणून सांगितले गेले. दोघांचं थोडंथोडं वाचलं. दोघंही हुशार. मला आठवली आत्या.

आत्या नेवासे तालुक्यात राहायची. मामांना, म्हणजे तिच्या यजमानांना, शेतात साप चावला आणि संध्याकाळपर्यंत ते गेले. मी तेव्हा तीनेक वर्षांची. पुढे दर उन्हाळ्यात आत्या तो दिवस सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज उपासनेतला व्हायचा. "भर दुपारी अंधार पडला गं. माझे सोयरे दूर उभे राहिले." दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण देवळात ऐकून ऐकून अर्धी स्तोत्रसंहिता तोंडपाठ. भर दुपारी सूर्य मावळणं आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकातलं आहे, आणि तिथं पुढे एकुलत्या एका मुलासाठी केलेल्या शोकाचं बोलणं आहे. दूर उभे राहिलेले सोयरे अडतिसाव्या स्तोत्रातले. मार्कातही बारा वाजता अंधार पडतो आणि बायका दुरून पाहत असतात. आत्याला हे माहीत नव्हतं, निदान असं तिनं कधी सांगितलं नाही.

एकदा मी अण्णांना विचारलं, खरंच अंधार पडला होता का? ते म्हणाले, "अगं, मी होतो ना तिथं. लख्ख ऊन. आणि शेजाऱ्यांनीच तर बाज उचलून नेली." मग थोडं थांबून म्हणाले, "तिला नको विचारू."

मामा गेले होते, साप खरा होता, बाज खरी होती. अंधार आमोसाचा होता. आत्या खोटं बोलत नव्हती. तिच्याजवळ जे सगळ्यात मोठे शब्द होते ते तिनं नवऱ्याच्या मरणाला दिले. ब्राउन आणि क्रॉसन यांच्यात निवाडा करण्याची माझी पात्रता नाही, पण आत्याच्या ओसरीवर बसलेल्याला त्या दोघांपैकी एकाला हरवण्याची घाई राहत नाही. आणि मरणाऱ्यालाही तीच सोय असते. माझी आई शेवटच्या दोन दिवसांत स्वतःचं असं एकही वाक्य बोलली नाही. जे बोलली ते सगळं पाठ केलेलं, अर्धवट. तेव्हा ते वाक्य येशूच्या ओठांवर खरोखर आलं असेल, असं मानायला मला काही जड जात नाही. ज्याला कोणी लहानपणी स्तोत्रं शिकवली, तो दुसरं काय ओरडणार?

आंबेबद्दल सांगायचं राहिलं. एकोणसत्तराव्या स्तोत्रात आहे, तहान लागली तेव्हा त्यांनी मला आंब दिली. मार्कात कोणी धावत जाऊन स्पंज आंबेत भिजवतो, वेतावर ठेवून पुढे करतो. ती म्हणजे रोमन शिपायांचं रोजचं पाणी घातलेलं आंबट पेय, हे मोठेपणी कळलं. लहानपणी आंब म्हणजे एकच. थंडीत आत्या रात्री हरभऱ्यावर धुतलेलं धोतर पसरायची, पहाटे दवानं जड झालेलं ते पितळीत पिळायची. ते पाणी जिभेला लागलं की कानशिलं आकसत. पोटदुखीवर दोन थेंब पाण्यातून. त्यामुळे दर उत्तम शुक्रवारी मला तो स्पंज नव्हे, आत्याचं धोतर दिसायचं, आणि ज्यानं आंब दिली तो दुष्ट वाटायचाच नाही. वाटायचं, त्याचं पोट दुखत असेल म्हणून दिली.

शुक्रवारी मी नऊच मिनिटं बोलले. बाणांची गोष्ट सांगितली, अठरा, सात, एक. एस्तेरची सांगितली, पुढच्या बाकावरच्या एका वडीलधाऱ्यांच्या भुवया वर गेल्या. आत्या मात्र वगळली, आयत्या वेळी धीर झाला नाही. मार्क जिथं थांबला तिथं मी थांबते, असं म्हणून वचन पुन्हा एकदा वाचलं आणि खाली बसले. पेटीवाल्याला वाटलं अजून तीन मिनिटं आहेत, तो पानं चाळत होता. त्यामुळे गीत लगेच सुरू झालं नाही. वरच्या पंख्याची खरखर तेवढी चालू होती. पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि त्यांनीही काही केलं नाही.

मग गीत झालं. तरुण संघातला इंजिनियरिंगचा मुलगा उठला, कागद हातात थरथरत होता. पाचवा उद्गार, योहान एकोणीस. "तेथे आंब भरून ठेवलेले एक भांडे होते," त्यानं वाचलं. माझ्या मागच्या बाकावर पुण्याहून आलेलं एक कुटुंब होतं. पाच-सहा वर्षांच्या मुलीनं कुजबुजत विचारलं, "मम्मा, आंब म्हणजे?"

"व्हिनेगर," आई म्हणाली. "शू."